मराठवाड्यातला पहिला उन्हाळा: लेकरंबाळं असलेल्या कॅथलिक घरासाठी

बदली होऊन, कंपनीत नोकरी लागून किंवा हॉस्पिटलात ड्युटी मिळून मराठवाड्यात आलेली कॅथलिक कुटुंबं एप्रिल संपत आला की हमखास विचारतात, सुट्टीत लेकरांचं करायचं काय? वसईहून आलेल्यांना पायी जाण्याच्या अंतरावर चर्च आणि मे महिनाभर काही ना काही कार्यक्रम, अशी सवय असते. गोव्याकडच्यांना समुद्र आठवतो, केरळच्या सिस्टर-नर्सेसना गावाकडचे भरगच्च धर्मशिक्षणाचे वर्ग. इथे आठ जिल्ह्यांत मिळून आपली घरं विखुरलेली आहेत. एकेका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, तालुकेच्या तालुके येतात. त्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. परभणी-नांदेडकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश झाले तरी कुणी त्याची बातमी करत नाही.

तेव्हा एक गोष्ट आधीच मनाशी धरा. इथली सुट्टी चर्चकडून आयती मिळत नाही. ती सकाळच्या दोन तासांत, घरातल्या घरात आणि चार घरं मिळून उभी करावी लागते. कशी, ते क्रमानं सांगते.

पहिलं काम: फादरांना एप्रिलमध्येच गाठा

चर्च अजून सापडलं नसेल तर मोबाइलवर शोधताना 'छत्रपती संभाजीनगर' आणि 'औरंगाबाद' ही दोन्ही नावं टाकून पाहा. १९७७ साली स्थापन झालेला आपला धर्मप्रांत औरंगाबाद याच नावानं ओळखला जातो. कॅथेड्रल छावणी भागात आहे, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं. इतर शहरांत चर्च बऱ्याचदा शाळेच्या आवारात असतं. रिक्षावाल्याला संताचं नाव सांगून काही कळत नाही. 'कॉन्व्हेंट शाळा' म्हणा, बरोबर दारात सोडतो. आणि गावातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं जुनं दगडी चर्च कॅथलिकच असेल असं धरून चालू नका. जालन्यासारख्या ठिकाणी प्रॉटेस्टंट मिशनचं काम फार जुनं आहे. आत जाऊन विचारा, तिथली माणसं आपल्या चर्चचा रस्ता आनंदानं दाखवतात.

फादर भेटले की मे महिन्यातल्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळा विचारून घ्या, कारण उन्हाळ्यात त्या अलीकडे येतात. कोणत्या रविवारी मराठी, कोणत्या रविवारी इंग्रजी, तेही विचारा. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर प्रथम कम्युनियनची, म्हणजे मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, तयारी कधी सुरू होते हा प्रश्न सगळ्यात आधी. बऱ्याच ठिकाणी हा वर्ग सुट्टीतच चालतो आणि तो चुकला की वर्ष जातं. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. तो मूल जिथं बाप्तिस्मा घेतलं त्या धर्मग्रामातून मागवावा लागतो, आणि तिथलं ऑफिस मे महिन्यात लग्नांच्या कागदपत्रांत बुडालेलं असतं. म्हणून एप्रिल. लग्नाचा दाखला आणि आधीच्या फादरांची चार ओळींची चिठ्ठी सोबत असली तर ओळखीचं काम एका भेटीत होतं.

आणखी एक विचारा: 'फादर, तुम्ही वस्तीवर मिस्साला जाता तेव्हा आम्ही आलो तर चालेल का?' बहुतेक फादर खूश होतात. गावाकडच्या केंद्रावर मिस्सा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कुणाच्या ओसरीवर किंवा लहानशा प्रार्थनाघरात होते. पेटी, ढोलकी, टाळ, आणि म्हाताऱ्या बाया तोंडपाठ म्हणत असलेली भजनं. शहरातल्या इंग्रजी गाण्यांवर वाढलेलं लेकरू पहिल्यांदा बावरतं, मग टाळ मागून घेतं. मिस्सा झाली की जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे घरून खाऊन जाऊ नका. जाताना त्या घरच्या मुलांसाठी टरबूज न्या, मिठाई नको. उन्हात मिठाईचं काय होतं ते पोचल्यावरच कळतं.

दुसरं: दिवस उन्हाच्या हिशेबानं लावा

इथं बाहेरची कामं सहा ते आठ या वेळात आटपायची. खेळ, सायकल, चर्चच्या बागेला पाणी घालणं, रोजच्या मिस्साला जाणं, सगळं त्यातच. अकरा ते पाच घरात. संध्याकाळी साडेसहानंतर गच्ची. मुलांना हे वेळापत्रक पहिल्या आठवड्यात जाचक वाटतं आणि दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच पहाटे उठतात, कारण गच्चीवर झोपलं की साडेपाचला उजाडतंच.

रविवारच्या मिस्साला लहानांना पाणी न पिता नेणारी घरं अजून आहेत. कम्युनियनआधीचा उपवास एक तासाचा असतो आणि त्यात पाणी व औषध चालतं, हे चर्चच्या नियमातच आहे. तेव्हा बाटली बिनधास्त न्या. उन्हातून आल्यावर मूल गळून गेलं, उलट्या झाल्या तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा गुंगीत जातंय असं दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसायचं नाही. सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा आणि १०८ ला फोन लावा. खिशात कांदा ठेवायचा की नाही यावर शेजारच्या आजींशी वाद घालू नका. कांदा ठेवा आणि पाणी पाजा.

पाण्याबद्दल आणखी एक, आणि हे फार गंभीरपणे सांगते. इथं पोहायला समुद्र नाही, नद्या उन्हाळ्यात आटलेल्या असतात, म्हणून गावाकडे गेलेली मुलं शेततळ्याकडे वळतात. शेततळ्याच्या आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आत घसरला की वर चढू शकत नाही. ज्या शेतात शेततळं आहे तिथं मुलांना एकटं सोडायचंच नाही.

तिसरं: मे महिन्याची माळ

मे महिना पवित्र मारियेचा. हे तुम्हाला नवीन नाही, पण इथं रोज संध्याकाळी चर्चमध्ये माळेसाठी, म्हणजे रोझरीसाठी, जमणं दूरच्या घरांना जमत नाही. त्यावर सोपा उपाय असा: आसपासची चार-पाच कॅथलिक घरं मिळून मारियेची एक मूर्ती फिरवायची. एक आठवडा एका घरी. मूर्ती आली की त्या घरच्या मुलांनी कोपरा सजवायचा. मोगरा याच दिवसांत स्वस्त आणि भरपूर असतो, आणि रस्त्याकडेला बहावा पिवळाधमक फुललेला असतो. संध्याकाळी साडेसातला सगळे जमतात. पाच वर्षांच्या मुलाकडून पूर्ण माळ म्हणवून घेण्याचा हट्ट नको. एक रहस्य, दहा 'नमो मारिया', तीन-चार मिनिटांत होतं. लहानांनी तेवढं म्हणून खेळायला जावं, मोठ्यांनी पुढं न्यावं. लाइट गेली तर मेणबत्ती लावून चालू ठेवा. मुलांना तीच संध्याकाळ सगळ्यात जास्त आवडते.

१३ मे हा फातिमा मातेचा दिवस. १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमा गावात मेंढरं चारताना ज्यांना मारियेचं दर्शन झालं, ती लुसिया दहा वर्षांची, फ्रान्सिस्को आठ आणि जसिंता सात. म्हणजे तुमच्या घरातलीच वयं. धनगरांचे कळप इथली मुलं रस्त्यावर रोज बघतात, तेव्हा ती तीन मुलं दिवसभर काय करत असतील, दुपारी कुठं बसत असतील, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. फ्रान्सिस्को आणि जसिंता यांना २०१७ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, संत घोषित केलं. ३१ मे रोजी मारिया अलीशिबेला भेटायला गेली तो सण येतो. त्या दिवशी मुलांना घेऊन कुणाला तरी भेटायला जा: बाळंतीण, आजारी आजी, एकटे राहणारे निवृत्त सर.

पवित्र आत्म्याचा सण ईस्टरप्रमाणे मागेपुढे सरकतो, पण १० मे ते १३ जून यांच्या बाहेर कधीच जात नाही. म्हणजे जवळजवळ दरवर्षी तो सुट्टीतच. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय उघडा: प्रेषित बोलू लागले आणि जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीजवळच्या एखाद्या छोट्या धर्मग्रामातही मराठी, कोकणी, मल्याळी, तमिळ घरं असतात, झारखंडकडून आलेली हिंदी आणि सादरी बोलणारी असतात. मुलांना 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेची पहिली ओळ शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या भाषेत शिकून यायला सांगा आणि सणाच्या दिवशी मिस्सानंतर म्हणवून घ्या. पाठांतर होतं, आणि नव्या कुटुंबाची ओळखही आपोआप होते. आम्ही हे करतो तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या मल्याळी उच्चारांशी झुंजणाऱ्या मराठी पोरांना पडतात.

चौथं: दुपार

दुपारी टीव्ही आणि मोबाइल हे दोन पाहुणे घरात येतातच. त्यांना पूर्ण हाकलता येत नाही. पण कूलरसमोर बसून करण्यासारखं बरंच आहे.

नाटुकलं बसवा, आणि पहिलं नाटुकलं शमरोनी बाईचं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय. येशू थकून विहिरीवर बसला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. इथल्या मुलांना विचारा, 'भर बारा वाजता पाण्याला कोण जातं?' लगेच उत्तर येतं, की कुणीच नाही, बाया पहाटे जातात. मग ती बाई तेव्हाच का गेली असेल? बाकीच्या बायकांना टाळायला, हे दहा वर्षांची मुलगीसुद्धा ओळखते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकात दोन पानं खर्चून जे सांगावं लागतं ते इथं एका प्रश्नात येतं. माठ, दोर आणि एक बादली एवढंच सामान लागतं. लातूरला असाल तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते मोठ्यांकडून ऐकवा. स्टेशनवर पाण्याची गाडी बघायला गर्दी लोटली होती. 'मला प्यायला पाणी दे' या वाक्याचं वजन मग वेगळंच लागतं.

दुसरं, पत्रं. कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लोक ऐकून घ्यायला तयार नव्हते तेव्हा, कागदावर लिहून ते कागद घरांच्या दाराखालून आत सरकवत. म्हणून ते लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते. त्यांच्या नावानं चालणाऱ्या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागात आले आणि वैजापूर-गंगापूर पट्ट्यातल्या घोगरगावसारख्या गावांतून काम सुरू झालं. हे मुलांना सांगा आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक चिठ्ठी लिहून घ्या. बिल्डिंगमधल्या आजारी काकांना, गावाकडच्या आजीला, फादरांना. दाराखालून सरकवायची परवानगी द्या. चिठ्ठी लिहिण्यापेक्षा ती सरकवून पळण्यात मजा जास्त असते, हे संतांनाही चाललं असतं असं मला वाटतं.

वाळवणाचं काम शेजारणी काढतातच. कुरडया, पापड, खारोड्या. मुलांना तिथं धाडा. पहाटे चीक घाटायला उठणं, गच्चीवर पातळ पांढऱ्या धोतरावर कुरडया पाडणं, कावळे हाकणं. यात धार्मिक काही नाही, पण नव्या गावात शेजार जोडायला याच्याइतकं सोपं साधन मला ठाऊक नाही. कुरडईचा कच्चा चीक तूप-साखर घालून वाटीभर मिळतो, ती मजुरी.

पाचवं: शंभर बिया

याला थोडी जास्त जागा देते, कारण हा उपक्रम मराठवाड्यातच शोभतो.

१५ मे हा संत इसिदोर यांचा दिवस. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा हा सालगडी १६२२ मध्ये संत घोषित झाला, इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांच्याच दिवशी. तो प्रार्थना करत असताना देवदूत त्याचा नांगर चालवत, अशी आख्यायिका आहे. मे महिन्यात इथल्या शेतांत नांगरट-वखरणी चालू असते, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग निघतो आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. शेतकरी घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरणार असेल तर पेरणीआधी उगवण तपासतो. ही तपासणी मुलं करू शकतात.

धर्मग्रामातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाकडून घरचं सोयाबीन ओंजळभर मागून घ्या. दुकानातलं रंगीत, औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हातात द्यायचं नाही. स्वच्छ गोणपाटाचा तुकडा भिजवून घट्ट पिळा. ओल हवी, पाणी टपकता कामा नये. जमिनीवर अंथरून त्यावर दहा रांगांत दहा-दहा दाणे मांडा. फुटका, सुरकुतलेला दाणाही निवडून टाकू नका. जसा आला तसा मांडा, नाहीतर तपासणी खोटी. वर दुसरा ओला तुकडा झाका, हलक्या हातानं गुंडाळी करा, दोन्ही टोकं सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज सकाळी पाणी शिंपडायचं, ती पाळी एका मुलाची. कूलरच्या झोतात ठेवलं तर दुपारपर्यंत कोरडं पडतं, तिकडे लक्ष द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुंडाळी उलगडली की आंबूस वास येतो आणि पांढरे मोड गोणपाटाच्या विणीत अडकलेले दिसतात. काही दाणे नुसतेच फुगून पिवळे मऊ झालेले. सातव्या दिवशी मोजा. जोमदार मोड आलेले सत्तर किंवा जास्त भरले तर बियाणं पेरायला ठीक. त्यापेक्षा थोडे कमी असतील तर शेतकरी एकरी बियाणं वाढवतो, फारच कमी असतील तर ते पेरत नाही. आकडा त्या कुटुंबाला कळवायचा. मुलांनी फोन करून 'काका, ब्याऐंशी!' असं सांगितलं की त्या काकांना खरंच उपयोग असतो.

मोजणीच्या संध्याकाळी मत्तय १३ वाचा, पेरणाऱ्याचा दाखला. शंभरपट, साठपट, तीसपट. समोर गोणपाटावर शंभर दाणे मांडलेले असताना हे आकडे मुलं वेगळ्या कानांनी ऐकतात. उरलेले मोड गाईला.

सहावं: तीन दिवसांचं शिबिर, दहा मुलांचं

काही धर्मग्रामांत सिस्टर लोक मे महिन्यात शिबिर घेतात. तुमच्याकडे असेल तर पहिल्याच दिवशी नाव द्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचं नाव मदतीला द्या. नसेल तर फादरांची परवानगी घेऊन तुम्हीच काढा. दहा मुलं पुरेत.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ. दहाच्या आत मुलं घरी पोचली पाहिजेत. सुरुवातीला एक गाणं आणि छोटी प्रार्थना, मग बायबलमधली एकच गोष्ट, ती कुणीतरी सांगायची, वाचून दाखवायची नाही. त्यानंतर हाताचं काम, मग नाश्ता, शेवटी खेळ. हाताच्या कामाला बाजारातलं महाग सामान लागत नाही. पहिल्या दिवशी नारळाच्या करवंट्या आणि सुतळीतून पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची संतांची चित्रं, तिसऱ्या दिवशी नाटुकल्याची तालीम आणि पालकांसमोर प्रयोग. खेळ विटी-दांडू, लगोरी, लंगडी. नाश्त्याला पोहे, ताक, कलिंगड. उपमा नको, तो उरतो.

सुरक्षिततेचे नियम लेखी करा. प्रत्येक पालकाची सही, मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते, नेणाऱ्या-आणणाऱ्याचं नाव. कोणत्याही खोलीत एक मोठा माणूस आणि एकटं मूल असं नको, कायम दोन मोठी माणसं. मुलींच्या गटाबरोबर एक बाई हवीच. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे की नाही हेही आधीच विचारा. 'आपलीच तर माणसं आहेत' असं कुणीतरी म्हणेल. हसून फॉर्म पुढे करा.

शिबिर मराठीत ठेवा, इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी अधूनमधून वाक्य फिरवून सांगा. इथल्या गावाकडच्या मुलांना भजनं आणि गोष्टी जास्त पाठ असतात, शहरातल्यांना चित्रकला आणि गिटार. दोन्ही गट मिसळून बसवा, वेगवेगळे नको.

सातवं: बाहेर पडायचं तर

मे महिन्यात अजिंठ्याला लहान मुलं नेऊ नका. घोड्याच्या नालेसारखी ती दरी नऊ वाजल्यापासून तापते. पावसाळ्यात जा, तेव्हा धबधबाही असतो. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे दारावर जाऊन कळलेली कुटुंबं दरवर्षी भेटतात. वेरूळ उन्हाळ्यात जमतं, पण सूर्य उगवताना दारात हजर असाल तरच. सगळ्या ३४ लेणी बघायच्या नसतात. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं, आणि शेजारची दोन-तीन. हा डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, आधी कळस आणि मग पाया, एवढं सांगितलं की मुलं स्वतःच डोकं वर करून हिशेब मांडू लागतात. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. 'दुसऱ्या धर्माच्या देवळात लेकरं न्यायची का' असं विचारणारे पालकही भेटतात. माझं मत विचाराल तर खुशाल न्या, आदरानं वागायला शिकवा. परतताना म्हैसमाळला चढलात तर थोडी हवा लागते.

मला सगळ्यात आवडणारी सहल मात्र पैठणची, किंवा धाराशिव-लातूरकडे असाल तर तेरची. मुलं एक प्रश्न कधी ना कधी विचारतातच: 'येशू होता तेव्हा आपल्याकडे कोण होतं?' उत्तर इथं पायाखाली आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. पैठणहून मौल्यवान खडे, तगरहून कापड, बैलगाड्यांतून अवघड वाटांनी भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं रोमच्या साम्राज्यात. म्हणजे ज्या काळात प्रेषित रस्त्यानं फिरत होते, त्याच काळात इथल्या गाड्या त्यांच्याच दुनियेकडे माल नेत होत्या. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू आहेत. निघण्याआधी उघडं असल्याची खात्री करून घ्या. संत थोमा भारतात आले ही परंपरा आणि ३ जुलैचा त्यांचा सण, हे दोन्ही या सहलीला जोडून सांगता येतं.

पैठणला नाथसागरावर पक्षी बघायचा बेत असेल तर तो हिवाळ्यावर टाका. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे पवित्र मारियेची, यात्राही सप्टेंबरात असते, उन्हाळ्यात नाही. सुट्टीत लांबची यात्रा करायचीच असेल तर नाशिक रोडचं बाळ येशूचं तीर्थ बरं, मनमाडमार्गे रेल्वेनं जाता येतं.

एसटीत पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट, बायकांनाही अर्धं. दुपारची गाडी घेऊ नका. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, ते दुसऱ्या दिवशीही टिकतात. पन्हं थर्मासमध्ये.

आठवी-नववीच्या पुढची

लातूरला असाल तर मोठ्या मुलांची सुट्टी क्लासवाले आधीच घेऊन गेलेले असतात. त्यांच्यामागे शिबिराचं टुमणं लावू नका. त्यांना मोबाइलवरचंच काम द्या. कार्लो अकुटिस या मुलानं पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी तो गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत झाला. हा संत जीन्स आणि बूट घालायचा, एवढंच त्यांना पुरतं.

काम असं: धर्मग्रामातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या. गावात पहिले फादर कसे यायचे, घोड्यावर की सायकलवर. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी, म्हणजे मदतीचं धान्य आणि खाऊ, कोण वाटायचं. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ ला, ते कुठं होते. शेवटी एक जुनं भजन म्हणायला लावायचं. एका माणसाची वीस मिनिटं बस झाली. आधी परवानगी, मग पंखा बंद, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये पंखाच ऐकू येतो. फाइलला नाव, गाव आणि तारीख द्यायची आणि एक प्रत फादरांकडे ठेवायची.

जून

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याच सुमाराला, १३ जूनला, संत अंतोनी यांचा सण येतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या नावानं गरिबांना पाव वाटतात. मुलांना वाटपाला उभं करा. तुमच्याकडे वाटत नसतील तर वह्या-पेन गोळा करून वस्तीवरच्या शाळकरी मुलांना द्या, पण फादरांमार्फत, फोटो न काढता. पहिला पाऊस पडला की वस्तीवरचे रस्ते चिखलाचे होतात आणि मिस्साच्या वेळा पुन्हा बदलतात. ग्रुपवरचा निरोप शनिवारी रात्री बघून मगच निघा.